आठ जणींचा संघ

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि सातवीत गेलेली आमची मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, मी गाईडमध्ये नाव दिलंय." माझ्या लेखी स्काउट-गाईड म्हणजे सव्वीस जानेवारीला गळ्यात स्कार्फ बांधून झेंड्यापुढं ओळीत उभी राहणारी मुलं. गणवेश शिवून घेतला, शिट्टी आणि दोरी आणली आणि माझं काम झालं असं धरून चालले.

महिन्याभरात तिच्या संघाची नायिका ठरली. ती आमची मुलगी नव्हती. आमची वर्गात पहिली, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी. निवड झालेली मुलगी अभ्यासात मधली, मोजकंच बोलणारी. मला ते लागलं. हातकणंगल्यासारख्या गावात अशी गोष्ट आठवडाभर मनातून जात नाही. शेवटी शाळेत गेले आणि गाईड कॅप्टन असलेल्या बाईंना सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, "संघातल्या मुलींना विचारूनच ठरवलंय. तुम्ही एकदा सहलीला या, मग आपण बोलू."

त्या सहलीपर्यंत मी या चळवळीबद्दल मिळेल ते वाचलं, बाईंना विचारत राहिले. नेतृत्व म्हणजे काय, याची माझी कल्पना त्या काही आठवड्यांत बदलली. ती कशी बदलली, हे माझ्यासारख्या नव्या पालकांना सांगावं म्हणून हा लेख.

सहा ते आठ, त्याहून जास्त नाही

'भारत स्काउट्स आणि गाईड्स'मध्ये लहान मुलं कब आणि मुली बुलबुल असतात. साधारण दहाव्या वर्षानंतर मुलगा स्काउट होतो, मुलगी गाईड होते. पुढं तरुणपणी रोव्हर आणि रेंजर. गाईड किंवा स्काउट झालं की पहिली ओळख होते ती संघाशी, म्हणजे पॅट्रोलशी. एका संघात सहा ते आठ मुलं. आठ-आठ जणांचे चार संघ धरले तर बत्तिसांचं पथक होतं. मुलांच्या संघांना पशुपक्ष्यांची नावं असतात, मुलींच्या संघांना फुलांची. आमच्या मुलीचा संघ मोगरा.

आकडा सहा ते आठच का? एका मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी सांभाळता येतील एवढ्याच मुली तिच्या हाती द्यायच्या, हा त्यामागचा विचार. वर्गात पन्नास जणींची मॉनिटर झालेली मुलगी फळ्यावर नावं लिहिते, आरडाओरडा थांबवते. आठ जणींच्या संघात ते चालत नाही. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कोण सकाळपासून जेवलेली नाही, कुणाला गाठ जमत नाही म्हणून ती मागं मागं राहतेय, हे नायिकेला माहीत असावं लागतं. प्रत्येकीकडं एक काम असतं. एकीकडं शिधा, एकीकडं प्रथमोपचाराची पेटी, एकीकडं हिशेब, एकीकडं नोंदवही. उपनायिका सोबतीला. काम नाही अशी मुलगी संघात नसते.

चारही संघांच्या नायिका एकत्र बसतात त्या बैठकीला 'कोर्ट ऑफ ऑनर' म्हणतात. पुढचा कार्यक्रम काय, पैसे कशावर खर्च करायचे, कुणी नियम मोडला तर काय करायचं, हे तिथं ठरतं. मोठी माणसं तिथं सल्लागार असतात. त्या बैठकीला जाण्याआधी नायिकेनं आपल्या संघाशी बोलायचं असतं, कारण ती तिथं स्वतःचं मत मांडायला जात नाही, आठ जणींचं म्हणणं घेऊन जाते. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण उगीच रागावलो. वक्तृत्वाचं बक्षीस वेगळं आणि दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं पोहोचवणं वेगळं.

मुलांच्या हाती दिलेलं काम

ही पद्धत आली कुठून? १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग गावाला बोअर सैन्यानं २१७ दिवस वेढा घातला होता. गावातली मोठी माणसं लढाईवर लागली, तेव्हा निरोप पोहोचवणं, पहारा देणं ही कामं मुलांच्या तुकडीनं उचलली. त्या तुकडीचा सार्जंट-मेजर वॉर्नर गुडइयर हा त्यांच्यातलाच एक मुलगा होता. गावाचा सेनापती होता रॉबर्ट बेडन-पॉवेल. मुलांवर खरी जबाबदारी टाकली तर ती पेलतात, हे त्यानं तिथं पाहिलं.

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर त्यानं सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं. श्रीमंत शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं एकाच तंबूत. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाला मुलांमधलाच नायक दिला. पुढच्या वर्षी त्याचं 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक भागाभागांनी निघालं. ते वाचून गल्लोगल्लीच्या मुलांनी आपापले संघ बांधले आणि मग आपल्याला शिकवील असा कुणी मोठा माणूस शोधू लागली. म्हणजे कितीतरी ठिकाणी आधी संघ झाला आणि मास्तर मागाहून आला. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्याला काही मुली न बोलावता आल्या आणि 'आम्हीही स्काउट' म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये गाईड चळवळ उभी राहिली.

भारतात १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण सुरुवातीची पथकं इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच होती. आपल्या मुलांना दार बंद होतं, म्हणून आपल्या लोकांनी वेगळी दारं उघडली. श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ मध्ये शहाजहानपूरला पथक सुरू केलं, ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासकडं संघटना काढली, आणि पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीच्या स्काउटांना कुंभमेळ्यातल्या यात्रेकरूंच्या सेवेला उभं केलं. स्वातंत्र्यानंतर या साऱ्यांना एकत्र आणण्यासाठी झटलेल्यांत नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोसही होते. ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटना तिच्यात सामील झाली.

कुंभोजचं नातं

हे वाचताना मला सारखं आमच्याच तालुक्यातलं एक गाव आठवत होतं. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. सप्टेंबर १९१९ मध्ये इंग्लंडात गिलवेल पार्कला स्काउट मास्तरांचं पहिलं प्रशिक्षण झालं. पुढच्याच महिन्यात, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर भाऊरावांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण विचाराचं नातं मला फार जवळचं वाटतं. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्याला सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत, आळीपाळीनं स्वयंपाक करत, पाणी भरत, शेतात राबत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. 'कमवा आणि शिका' हे तर संस्थेचं जगणंच झालं.

स्काउट-गाईडमध्ये 'खरी कमाई' नावाचा उपक्रम असतो. मुलांनी काहीतरी काम करून, आपल्या हातानं बनवून, विकून चार पैसे मिळवायचे आणि त्याचा हिशेब ठेवायचा. मोगरा संघानं शाळेत भेळ विकली. नफा थोडाच झाला. पण कांदे किती आणले, किती वाया गेले, उधारी कुणाची राहिली, हे मुलीनं रात्री मला वहीत मांडून दाखवलं. ज्या मातीत कर्मवीर जन्मले, तिथल्या मुलीला हे शिकवायला परदेशी पुस्तकाची गरज नव्हती, असं वाटून ऊर भरून आला.

रामलिंगची चूल

ऑगस्टमध्ये सहल निघाली आळत्याजवळच्या रामलिंगच्या डोंगराकडं. आम्ही तीन-चार पालक दुपारी पोहोचलो. पाऊस उघडला होता, पण जळण ओलं. पायथ्याच्या मोकळ्या जागेत चार संघांच्या चार चुली मांडलेल्या. बाकी तीन पेटल्या, मोगऱ्याची नुसती धुमसत होती. मुलींचे डोळे धुरानं लाल झालेले. माझा हात आपोआप काडेपेटीकडं गेला. दहा पावलांवर दगडावर बसलेल्या बाईंनी मला हाक मारली. "ताई, इथं बसा माझ्याजवळ."

बसले. बाईंची नजर चुलीवर, विळीवर, पाण्याच्या कडेवर होती. त्या हळूच म्हणाल्या, "चुकायला मोकळीक आहे, धोक्याला नाही. मी बघतेय ते एवढंच."

ती मोजकंच बोलणारी नायिका उठली. शेजारच्या संघाकडं जाऊन पेटतं लाकूड मागून आणलं. फुंकणी आमच्या मुलीच्या हाती दिली आणि म्हणाली, "तुझा दम मोठा आहे, तू फुंक." सगळ्यांत लहान मुलीला सुकी पानं शोधायला पाठवलं. भात शिजला, थोडा कच्चाच राहिला. वाढताना तिनं आधी पानं मोजली.

जेवणानंतर संघ गोल बसला. काय चुकलं, हा प्रश्न नायिकेनंच विचारला. जळण सकाळीच झाकून ठेवायला हवं होतं, हे काम आमच्या मुलीकडं होतं. तिनं ते कबूल केलं. कुणी तिला रागावलं नाही. नोंदवहीत पुढच्या खेपेसाठी एक ओळ लिहिली गेली. घरी मीच ते जळण झाकलं असतं, आणि ती ओळ कधी लिहिली गेली नसती.

परतताना बाईंना म्हटलं, "कळलं मला." त्या हसल्या.

पालकांनी काय करावं

आपल्या शाळेतलं पथक नोंदणीकृत आहे का, शिक्षकांचं प्रशिक्षण झालं आहे का, हे जरूर विचारावं. स्काउट मास्तर किंवा गाईड कॅप्टनसाठी आधी बेसिक, मग ॲडव्हान्स्ड आणि शेवटी हिमालय वुड बॅज असे टप्पे असतात. विदर्भातले भाविक महादेवाला जातात त्या पचमढीला देशाचं प्रशिक्षण केंद्र आहे. मुलांचे टप्पे प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. या पायऱ्यांची घाई करू नये. बॅजसाठी गाठी पाठ करून घेण्यापेक्षा त्या कशासाठी आहेत ते मुलांना विचारावं. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपल्या जिल्ह्यानं सोसला आहे. न सरकणारा आणि न आवळणारा फास देणारी बोलाईन गाठ माणसाला पाण्यातून ओढून काढताना का लागते, हे इथल्या मुलांना समजवावं लागत नाही.

आणि पिशवी मुलांनाच भरू द्यावी. विसरलेली वस्तू फार तर एक दिवस नडते.

यंदा मुलगी उपनायिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत शिबिर आहे. फराळ करायला बसले तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या डब्यात एकटीपुरते लाडू देणार नाही. आठ जणींचे आठ देते." मला वाटलं, आपण बरंच शिकलो.

ती परातीपाशी येऊन बसली. "आई, चार संघ आहेत. बत्तीस लागतील. आणि बाईंचा एक."

"एवढे वळणार कोण?"

"सांगितलंय मी सगळ्यांना. संध्याकाळी येतायत. तू फक्त पाक बघ."

संध्याकाळी ओसरीवर चपलांची रांग लागली. मी पाक बघितला.