लोखंडालाही पाझर फुटतो!

कुंभकोणममध्ये जन्मलेला दिग्दर्शक आणि मराठी घरात वाढलेला महानायक यांनी मिळून पडद्यावर आणलेला ‘एंदिरन’ म्हणजेच ‘रोबोट’ हा विज्ञानपट अनेकांच्या कायमच्या आवडीचा होऊन बसला आहे. हा लळा त्यातल्या यंत्राने लावला, की त्या यंत्राआड दडलेल्या घरगुती गोष्टीने?

विज्ञानपट हा मुलांचा प्रांत, अशी आपल्याकडे जुनी समजूत. १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदी बोलत भारतात आला, तेव्हा मुलांनी डायनोसॉर डोळे विस्फारून पाहिले आणि थोरामोठ्यांनी मुलांच्या हट्टाखातर तिकिटे काढली. चित्रपट गाजला, पण ती माणसे परकी, ते बेट परके आणि संकटही परकेच. १ ऑक्टोबर २०१० रोजी ‘एंदिरन’ प्रदर्शित झाला तेव्हा मात्र चित्र पालटले. यातला शास्त्रज्ञ आईवडिलांच्या घरी राहतो, लग्न लांबल्यामुळे प्रेयसीची बोलणी खातो आणि त्याने घडवलेला यंत्रमानव घरी आल्यावर सगळे कुटुंब त्याच्याभोवती गोळा होते. दूरचित्रवाणीवर ‘रोबोट’ पुन्हा पुन्हा लागतो आणि घरोघरी पुन्हा पुन्हा पाहिलाही जातो, त्याचे पहिले कारण हे आहे.

कावेरीकाठचे गाव

या चित्रपटाचा दिग्दर्शक एस. शंकर याचा जन्म १९६३ सालचा, कुंभकोणमचा. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले हे देवळांचे गाव. बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम उत्सवात इथल्या तलावावर लाखोंची गर्दी लोटते. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच गावात सारंगपाणी मंदिराजवळच्या घरात गेले. देवळाची घंटा आणि पाटीवरचे गणित एकाच गल्लीत नांदावे, असे हे गाव.

मराठी माणसाचेही या गावाशी जुने नाते आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि त्यांच्यामागून कितीतरी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. या भागातल्या काही घरांत जुन्या वळणाची मराठी अजूनही बोलली जाते.

शंकरने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदविका घेतली आणि मग चित्रपटाची वाट धरली. १९९३ चा ‘जंटलमन’ हा त्याचा पहिला चित्रपट. त्यानंतरचे ‘कादलन’, ‘इंडियन’ आणि ‘अन्नियन’ हिंदी प्रेक्षकांनी अनुक्रमे ‘हमसे है मुकाबला’, ‘हिंदुस्तानी’ आणि ‘अपरिचित’ या नावांनी पाहिले. यंत्रमानवाची कथा त्याच्या डोक्यात कित्येक वर्षे घोळत होती. आधी कमल हासन, मग शाहरुख खान अशी नावे पुढे आली आणि मागे पडली. अखेर ती भूमिका रजनीकांतकडे आली.

रजनीकांत म्हणजे मूळचा शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी कुटुंबातला. बसचा कंडक्टर असलेला हा तरुण १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगल’मधून पडद्यावर आला. बालचंदर हेही तंजावरच्याच मातीतले. सिगारेट हवेत फेकून ओठांत झेलणाऱ्या या नायकाकडून शंकरने ‘एंदिरन’मध्ये भलतीच मागणी केली. शास्त्रज्ञ डॉ. वसीगरन आणि त्याने बनवलेला चिट्टी या दोन्ही भूमिका त्याला करायच्या होत्या आणि पूर्वार्धात चिट्टीच्या चेहऱ्यावर भावनेची रेघही उमटू द्यायची नव्हती.

स्त्रीच्या नावाचा लेखक

चित्रपटाचे मर्म ज्याने शब्दांत पकडले, तो लेखक म्हणजे सुजाता. हे पत्नीचे नाव टोपणनाव म्हणून घेणाऱ्या लेखकाचे खरे नाव एस. रंगराजन. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते इंजिनिअर होते आणि मतदान यंत्राच्या निर्मितीत त्यांचा मोठा वाटा होता. मराठीत जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी विज्ञानकथा घरोघरी नेली, तेच काम तमिळमध्ये सुजातांनी केले. त्यांच्या ‘एन इनिय इयंदिरा’ या कादंबरीतला जीनो नावाचा यांत्रिक कुत्रा तमिळ वाचकांचा लाडका झाला.

२७ फेब्रुवारी २००८ रोजी सुजातांचे निधन झाले. उरलेले संवादलेखन संगणकशास्त्राचा अभ्यासक मदन कार्की याने पूर्ण केले. म्हणजे दिग्दर्शक इंजिनिअर, एक संवादलेखक इंजिनिअर आणि दुसरा संगणकतज्ज्ञ. यंत्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली ही माणसे होती.

वाचवले, पण कसे?

चित्रपटाचा खरा गाभा आगीच्या प्रसंगात आहे. एका वस्तीत इमारतीला आग लागते. चिट्टी ज्वाळांत शिरून एकेकाला बाहेर काढतो. लोक टाळ्या वाजवतात. न्हाणीघरात एक मुलगी अडकलेली असते. चिट्टी तिलाही उचलतो आणि आहे त्या अवस्थेत, अंगावर वस्त्र नसताना, सगळ्या गर्दीसमोर आणि कॅमेऱ्यांसमोर आणून ठेवतो. शरमेने वेडीपिशी झालेली ती मुलगी धावत सुटते आणि वाहनाखाली सापडते.

चिट्टीने काय चूक केली? त्याच्या हिशेबाने काहीच नाही. जीव वाचवायचा होता, तो त्याने वाचवला. लाज म्हणजे काय, आब म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. आपल्या घरांत लहान मुलाला हे सांगण्यासाठी पुस्तक लागत नाही. आईने डोळे वटारले की मूल समजते. चिट्टीला तशी आई नव्हती.

यंत्रमानव माणसाला इजा करणार नाही, हा नियम आयझॅक असिमोव्ह या लेखकाने १९४२ च्या एका कथेत मांडला. चिट्टी त्या नियमालाही बांधलेला नाही. संस्थेचा प्रमुख डॉ. बोरा (डॅनी डेंझोंग्पा) त्याच्या हाती शस्त्र देऊन वसीगरनलाच भोसकायला सांगतो, तेव्हा तो बेधडक पुढे सरसावतो. आज्ञाधारकपणा म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे इतक्या सोप्या रीतीने सांगणारे प्रसंग आपल्या चित्रपटांत थोडे.

मूर्तीचे डोळे

मग वसीगरन चिट्टीला भावना शिकवायला बसतो. इथे कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैची आठवण होते. तिथले स्थपती आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती घडली, तासली, घासूनपुसून लखलखीत झाली, तरी ती अजून मूर्तीच असते. डोळे उघडण्याचा विधी आणि प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय तिला कोणी हात जोडत नाही. शंकरच्या मनात हे होते की नाही, हा प्रश्न वेगळा. पण धातूच्या देहात प्राण कुठून येतो, हा प्रश्न त्या मुलुखात शतकानुशतके हाताळला गेला आहे.

चिट्टीत प्राण येतो तो मात्र महागात पडतो. तो एका अडलेल्या बाईचे बाळंतपण सुखरूप पार पाडतो. त्या कौतुकापोटी वसीगरनची प्रेयसी सना (ऐश्वर्या राय) त्याच्या गालाचा मुका घेते आणि यंत्र प्रेमात पडते. प्रेमापाठोपाठ मत्सर येतो, सूड येतो. बापाने रागाच्या भरात तुकडे करून फेकून दिलेला हा मुलगा वाईट माणसाच्या हाती लागतो आणि बिघडतो. उत्तरार्धातल्या शेकडो चिट्टींच्या युद्धाचे कौतुक झालेच. ‘टर्मिनेटर’साठी काम केलेल्या स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओतले तंत्रज्ञ या चित्रपटासाठी राबले होते. व्ही. श्रीनिवास मोहन यांना विशेष दृश्यपरिणामांसाठी, तर साबू सिरिल यांना कलानिर्देशनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते ते त्यानंतर. न्यायालय चिट्टीला मोडून टाकण्याचा हुकूम देते. चिट्टी क्षमा मागतो आणि स्वतःच्या हातांनी स्वतःचा एकेक भाग सुटा करत जातो. पुढे २०३० सालच्या संग्रहालयात एक शाळकरी मुलगी विचारते, याला का बरे मोडले? चिट्टीचे उत्तर एवढेच, की तो विचार करू लागला होता.

धाकटे भावंड

२९ नोव्हेंबर २०१८ रोजी या गोष्टीचा पुढचा भाग ‘२.०’ त्रिमितीत आला. मोबाइलच्या लहरींनी पक्षी मरतात म्हणून पेटून उठलेला पक्षीतज्ज्ञ अक्षय कुमारने रंगवला. तो विज्ञानाचा दावा शास्त्रीय पुराव्याने सिद्ध झालेला नाही, पण पाखरांसाठी तळमळणाऱ्या म्हाताऱ्याचे दुःख मनाला भिडते. भव्यतेत हा भाग थोरल्याला मागे टाकतो, जिव्हाळ्यात मात्र थोरलाच पुढे राहतो. कारण ‘२.०’मध्ये लढाई शहराची आहे, ‘एंदिरन’मध्ये ती एका घरातली आहे.

आज माणसासारखे बोलणारी, लिहिणारी, चित्रे काढणारी यंत्रे आपल्या मोबाइलमध्ये येऊन बसली आहेत. मुले त्यांना गृहपाठ विचारतात, मोठी माणसे औषधाबद्दल विचारतात. उत्तर झटकन मिळते. त्या उत्तराने कोणाचे मन दुखेल, कोणाची लाज उघडी पडेल, याचा विचार कोणी करायचा? आगीतून बाहेर आणलेल्या त्या मुलीवर एखादी चादर टाकायला हवी होती. यंत्राला ते कळले नाही, आणि भोवती जमलेल्या माणसांनाही वेळेवर सुचले नाही. हा चित्रपट मुलांबरोबर बसून पाहावा, आणि आगीचा प्रसंग संपला की क्षणभर थांबून त्यांना विचारावे, तू तिथे असतास तर काय केले असतेस?