सोडतीतील पेढे आणि मधुमेही

रुग्णसाहाय्य निधीच्या सोडतीत आम्ही पेढ्यांचा मोठा खोका पहिले बक्षीस म्हणून ठेवला आणि तो लाभला आमच्याच एका मधुमेही रुग्णास! टाळ्यांच्या गजरातील त्यांचा संकोच पाहून आम्ही खजील झालो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सहाव्या अध्यायात, प्रमेहाच्या हेतूंमध्ये बैठे सुख, निद्रासुख, दही, नवान्न यांसह गुळाचे पदार्थ गणले आहेत. रुग्णांस हे नित्य सांगणारे आम्हीच. ‘साखरविरहित’ मिठाईतही खवा वा पीठ असतेच. तीही निर्धोक नव्हे. भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. सोडतीची चिठ्ठी त्यांतील कोणाचीही निघू शकते.

पुढील सोडतीत आम्ही आवळ्याची रोपे ठेवणार आहोत. वैद्यबंधुभगिनींनी व औषधालयचालकांनीही असाच विचार करावा, ही विनंती.