आरटीईचा नंबर: ऐकीव काय, खरं काय

विरार पूर्वेला मनवेलपाडा, कारगिल नगर, फुलपाडा या पट्ट्यात चाळी आणि इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. शाळाप्रवेशाचा हंगाम आला की तिथल्या झेरॉक्स-सायबरच्या दुकानांत 'आरटीई'चा विषय निघतो. फॉर्म भरायला आलेला बाप आणि आपल्या मुलाची पूर्ण फी भरणारी आई एकाच रांगेत उभी असतात. दोघांच्याही डोक्यात या योजनेविषयी बरंच काही पक्कं बसलेलं असतं, आणि त्यातलं निम्मंअधिक चुकीचं असतं.

कायदा तसा सरळ आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानुसार विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशवर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आणि त्यांचा खर्च सरकारने शाळेला परत करायचा. शाळाचालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल 2012 मध्ये न्यायालयाने तरतूद कायम ठेवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र तिच्यातून सूट मिळाली.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार फी भरणाऱ्या पालकांची असते: 'फुकटात आलेल्या मुलांमुळे वर्ग बिघडतो, आमच्या मुलांचं नुकसान होतं.' या शंकेवर वाद घालत बसण्याची गरज नाही, कारण ती चांगली तपासून झाली आहे. दिल्लीत सवलतीच्या सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या नामांकित खाजगी शाळांना 2007 मध्ये 20 टक्के जागा गरीब मुलांना देणं भाग पडलं. म्हणजे एकाच शाळेत वरच्या वर्गांत फक्त सधन मुलं आणि खालच्या वर्गांत मिश्र मुलं, अशी स्थिती आपोआप तयार झाली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी नेमका याचाच उपयोग केला. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांवरून पडत. त्यामुळे कोणाच्या शेजारी गरीब घरातलं मूल बसेल, हे ना पालक ठरवत होते ना शिक्षक.

राव यांचा अभ्यास 2019 मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त छापून आला. सधन मुलांच्या हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीत थोडी घट दिसली. वर्गात शिवीगाळ किंचित वाढल्याचीही नोंद आहे, आणि ती लपवण्याचं कारण नाही. दुसऱ्या बाजूला, गरीब वर्गमित्र असलेली सधन मुलं मदतीच्या कामात जास्त संख्येने पुढे आली आणि अनोळखी मुलांशीही जास्त उदारपणे वागली. राव यांनी रिले शर्यतही लावली होती. त्यात जोडीदार निवडताना वेगाने पळणारं गरीब मूल की हळू पळणारं आपल्यासारखं मूल, असा पेच होता. मिश्र वर्गातल्या मुलांनी पळण्याचा वेग पाहिला. ज्यांना गरीब मुलांची सवयच नव्हती, त्यांच्यातल्या जास्त मुलांनी बक्षिसावर पाणी सोडून आपल्यासारखा गडी घेतला.

इंग्रजीतली ती किंचित घट विरारच्या पालकाला मोठी वाटेल, कारण बरीच फी इंग्रजीसाठीच मोजलेली असते. पण 'वर्ग बिघडतो' या सरसकट वाक्याला या आकड्यांत आधार सापडत नाही.

उलट बाजूचा समजही तितकाच घट्ट आहे: 'खाजगीत नंबर लागला की पोराचं कल्याण झालं.' आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी 180 गावांत चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खाजगी शाळेचा खर्च देऊ केला आणि त्यांची चार वर्षं मोजमापं घेतली. 2015 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तेलुगू आणि गणितात खाजगीत गेलेली मुलं सरकारीतल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत होती, कारण त्या सरकारी शाळांत हिंदी जवळपास शिकवलीच जात नव्हती. खाजगीतल्या जुन्या मुलांचं काही बिघडलं नाही आणि सरकारी शाळेत मागे राहिलेल्यांचंही नाही. हा प्रयोग खेड्यांतला आहे, तो जसाच्या तसा विरारला लावू नये. पण तिथल्या कमी खर्चात चालणाऱ्या छोट्या खाजगी शाळांचं वर्णन मनवेलपाड्यातल्या कोणालाही ओळखीचं वाटेल.

विरार ज्या वसई तालुक्यात येतं, तिथे आणखी एक सावधगिरी हवी. या तालुक्यात अनधिकृत शाळांचा प्रश्न जुना आहे आणि जिल्हा परिषद त्यांच्या याद्या जाहीर करत आली आहे. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत दंड आणि त्यानंतर रोज दहा हजार, अशी तरतूद याच कायद्यात आहे. आरटीईचा प्रवेश फक्त मान्यताप्राप्त शाळेतच होतो. फी भरून प्रवेश घेणाऱ्यानेही मान्यतेचं पत्र मागून पाहावं. 'बोर्ड मोठा आहे' हा पुरावा नव्हे.

'ही योजना गरिबांसाठी' हे अर्धसत्य आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. भागाकार केला तर महिन्याला 8,333 रुपये. विरारहून पहाटेची लोकल पकडून बारा हजारांवर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा खुल्या गटातला माणूस या हिशेबाने दुर्बल ठरत नाही. ही मर्यादा मुंबईच्या या टोकाला हास्यास्पद आहे, हे कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवं.

याहून अवघड अडथळा कागदांचा. जातीचा दाखला महाराष्ट्रातला लागतो, परराज्यातला चालत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेल्या कुटुंबांची इथे संख्या मोठी आहे. त्यांतला जो गावी निर्विवाद वंचित आहे, तो विरारमध्ये अर्जापुरता खुल्या गटात जातो. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. चाळीतल्या खोलीचा व्यवहार बहुधा तोंडी किंवा साध्या स्टँपपेपरवर झालेला असतो, आणि घरमालक नोंदणीला राजी होईलच असं नाही. अशी कितीतरी मुलं प्रवेशाच्या सोडतीपर्यंत पोहोचतच नाहीत.

मग 'सोडत म्हणजे सेटिंग, पैसे दिले की नंबर लागतो' ही अफवा येते. सोडत शाळेत निघत नाही, संपूर्ण राज्याची एकत्र संगणकावर निघते. प्राधान्य घरापासून शाळेच्या अंतराला असतं: आधी एक किलोमीटरच्या आतले, मग तीनपर्यंतचे, मग पुढचे. पालकाला दहापर्यंत शाळा निवडता येतात. 2023-24 साठी राज्यात सुमारे 1 लाख 2 हजार जागा होत्या आणि 3 लाख 64 हजार अर्ज आले होते. तिघा-चौघांतल्या एकालाच जागा मिळणार, हे या आकड्यांतूनच निघतं. त्यासाठी कोणी पैसे खाल्लेले असण्याची गरज नाही.

यंत्र निःपक्ष असलं तरी त्याला मिळणारी माहिती माणूसच भरतो. नकाशावर घराची खूण भलत्या जागी पडली की अंतर बदलतं आणि पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. एका मुलाचे दोन अर्ज गेले तर दोन्ही बाद होण्याची भीती असते. फक्त मोबाईलवरच्या संदेशाची वाट पाहू नका, पोर्टलवर स्थिती बघा, असं शिक्षण खातं सांगतं. तरीही नंबर बदलल्यामुळे किंवा रिचार्ज संपल्यामुळे निरोप न कळलेले पालक असतातच. दलालाला पैसे देण्यापेक्षा नकाशावरची खूण दोनदा तपासणं जास्त उपयोगाचं.

'सरकारने 25 टक्के बंद केले' हा समज 2024 पासून पसरला, आणि त्याला कारणही होतं. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जबाबदारीतून सूट मिळाली. शहरात अशी शाळा जवळ नसलेली खाजगी शाळा शोधावीच लागली असती. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. 6 मे रोजी स्थगिती आली, 19 जुलैला न्यायालयाने ती तरतूद मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. मधल्या काळात अर्ज दोनदा भरावे लागले, सोडतीचा निकाल लांबला आणि शाळा सुरू झाल्यावरही मुलं घरी बसून राहिली. अफवा तिथूनच उठली.

सरकारचा युक्तिवाद होता की सरकारी शाळा ओस पडत असताना खाजगीला पैसे का द्यायचे. प्रश्न अगदीच फोल नाही. पण वसई-विरारमध्ये त्याचं उत्तर विचित्र आहे: 2009 मध्ये महापालिका झाली, तरी शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळा नंतरही वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. ग्रामीण कारभारासाठी नेमलेली यंत्रणा बारा लाखांहून मोठ्या शहराच्या शाळा सांभाळत राहिली.

शाळाचालक 'आम्हाला पैसे मिळत नाहीत' म्हणतात, त्यात तथ्य आहे. प्रतिपूर्तीचा दर काही वर्षं प्रतिविद्यार्थी 17,670 रुपये होता, कोविडकाळात तो 8,000 वर आला. थकबाकीवरून संघटनांनी बहिष्काराच्या घोषणाही केल्या. तरीही सरकारने बिल थकवलं म्हणून शाळेने मुलाकडून फी मागणं कायद्यात बसत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेण्यालाही पहिल्या वेळी 25 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

उरतो तो 'दहावीपर्यंत काळजी मिटली' हा समज. कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. नववीत त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते, आणि ती पहिलीच्या फीपेक्षा बरीच जास्त असते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 18 वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा उल्लेख आहे, पण त्यासाठी कायद्यातली वयोमर्यादा वाढवलेली नाही. आठवीचा निकाल लागायच्या आधीच जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेत नववीच्या जागेची चौकशी केलेली बरी.