आशीर्वादित ज्योत : एक अर्थविचार

कॅथलिक उपासनेतील प्रकाशाचा उल्लेख आला की मराठी अभ्यासकाला नंदादीप आठवतो. वेदीजवळ ख्रिस्तशरीराच्या पेटीसमोर तेवणाऱ्या दिव्यापुरते हे साम्य ग्राह्य आहे. तो दिवा अखंड सान्निध्याचा द्योतक होय. पास्काच्या मेणबत्तीचा अर्थ मात्र निराळा. पुनरुत्थानाच्या पूर्वरात्री चर्चमधील दिवे मालवलेले असताना, आशीर्वादित नव्या अग्नीवर ती पेटवितात. तिच्यावर क्रूस, आल्फा, ओमेगा व चालू वर्षाचे अंक असतात. तिच्याच ज्योतीवरून भाविकांच्या मेणबत्त्या उजळतात. पुढे बाप्तिस्म्याची मेणबत्तीही. हा प्रकाश अखंड नसून अंधारानंतर पुनश्च लाभलेला आहे. म्हणून ख्रिस्ती मराठी साहित्यातील ‘ज्योत’ कोणत्या दिव्याची, हे आधी पाहावे. अन्यथा मृत्यू आणि पुनरुत्थान हा तिचा गाभाच निसटतो.