आखातातला पगार घरच्या कणगीत कसा पडेल?



पोराला दुबईचा व्हिसा आला की घरात एकच धांदल उडते. आई लोणच्याची बरणी पिशवीत तीन-तीनदा गुंडाळते. वडील पासपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून पाहतात. धाकटी भावंडे एसटीच्या थांब्यापर्यंत बॅग वाहून नेतात. सगळे काही आठवणीने होते. पण तीन प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. तिकडचा पगार कोणत्या खात्यात जमा होणार? तो घरी कोणत्या वाटेने येणार? आणि उद्या काही बरेवाईट झाले तर तो कोणाच्या हाती पडणार?

खेड तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घराची गोष्ट सांगतो. थोरला मुलगा नऊ वर्षे शारजात कामाला होता. एका रात्री छातीत कळ आली आणि तो गेला. शव आठवड्याभरात गावी आले. त्याचे पैसे यायला मात्र दीड वर्ष लागले. बँकेचे नाव घरात कोणाला ठाऊक नव्हते. "बँकेत आहेत, काळजी करू नका," एवढेच तो फोनवर सांगायचा. कोर्टाचे वारसपत्र, त्याचे भाषांतर, त्यावरचे शिक्के, यांत म्हाताऱ्या बापाच्या वहाणा झिजल्या. तो हिशेब हयातीतच नीट लावला असता तर ही पायपीट वाचली असती. म्हणून हा लेख.

आखाती देश बरेच आणि प्रत्येकाचे नियम निराळे. इथे आपण संयुक्त अरब अमिरातीचे, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा या बाजूचे पाहू. या मुलखाशी आपला पैशाचा संबंध जुना आहे. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास रुपयाच्या नोटा काढल्या होत्या आणि १९६६ पर्यंत त्या भागात रुपयाच चाले. दिरहम हे त्यांचे नाणे आले ते १९७३ साली.

तिकडे खाते कसे निघते?

विमानातून उतरल्या उतरल्या खाते निघत नाही. आधी राहण्याचा व्हिसा पासपोर्टाशी जोडला जातो, मग एमिरेट्स आयडी नावाचे ओळखपत्र मिळते. आपल्याकडे आधारकार्ड तसे ते समजा. ते ओळखपत्र, पासपोर्ट, व्हिसा आणि कंपनीचे पगाराचे पत्र एवढे घेऊन बँकेत जायचे. यात काही आठवडे जातात. तेवढे दिवस पुरतील इतके पैसे मुलाजवळ देऊन ठेवा.

दोन गोष्टी मुलाने खाते काढतानाच विचाराव्यात. पहिली, किमान शिल्लक किती ठेवावी लागते? तिकडच्या कित्येक बँकांत साध्या खात्यावर तीन हजार दिरहम शिल्लक लागते आणि ती कमी पडली की दरमहा दंड कापला जातो. पगाराच्या खात्यावर ही अट पुष्कळदा नसते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. दुसरी गोष्ट, नोकरी बदलली किंवा पगार थांबला तर त्या खात्याचे काय होते?

मजुरीचा पगार कमी असेल तर कित्येक बँका खातेच काढत नाहीत. अशा कामगारांना कंपनी पगाराचे कार्ड देते. पगार त्यात जमा होतो, यंत्रातून काढता येतो. पण हे कार्ड म्हणजे पुरते बँक खाते नव्हे. त्यात बचत साठवत बसू नये.

कार्ड असो की खाते, पगार रोखीने हातात घेऊ नये. २००९ पासून तिथे वेतन संरक्षणाची पद्धत आहे. मालकाने पगार बँक किंवा मान्यताप्राप्त विनिमय केंद्रामार्फतच द्यायचा आणि त्याची नोंद सरकारला दिसते. पगार थकला तर हीच नोंद मुलाच्या बाजूने बोलते. रोखीच्या पगाराला साक्षीदार कोण?

आणखी एक लक्षात ठेवा. एमिरेट्स आयडीची मुदत संपली आणि नवे ओळखपत्र बँकेत दिले नाही, तर खात्यावरचे व्यवहार अडतात. पगार आत आणि मुलगा बाहेर, असा प्रकार होतो. पिकाच्या पेरणीची तारीख जशी डोक्यात असते, तशी ही तारीख त्याच्या डोक्यात असू द्या.

घरी पैसे पाठवताना

पूर्वी डिमांड ड्राफ्ट रजिस्टर टपालाने यायचा आणि पोस्टमनची वाट पाहावी लागायची. आता बँकेतून किंवा विनिमय केंद्रातून पैसे थेट आपल्या खात्यात पडतात. त्यासाठी आपला खाते क्रमांक आणि शाखेचा अकरा अक्षरी आयएफएससी कोड लागतो. पासबुकाच्या पहिल्या पानावर तो छापलेला असतो. तिकडच्या खात्याला तेवीस अक्षरांचा आयबॅन क्रमांक असतो. तो 'एई' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. दोन्हींची गल्लत करू नका. आपल्या गावात नेहमी होणारी चूक म्हणजे नावाची. पासबुकावर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. नाव जुळले नाही की पैसे वाटेत अडकतात. मुलगा जाण्याआधीच ही दुरुस्ती करून घ्या.

पाठवण्याचा खर्च दोन ठिकाणी लपलेला असतो. एक फी आणि दुसरा दर. फी पावतीवर दिसते, दर कोणी पाहत नाही. समजा एका केंद्रात दिरहमला तेवीस रुपये मिळतात आणि शेजारच्या केंद्रात तेवीस रुपये वीस पैसे. दरमहा दीड हजार दिरहम पाठवणाऱ्याला महिन्याला तीनशे आणि वर्षाला छत्तीसशे रुपयांचा फरक पडतो. डीएपीच्या दोन गोण्या यात निघतात. म्हणून मुलाने एकच सवाल करावा, "सगळे कापून घरी नेमके किती रुपये पोचतील?"

दिरहम हा डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर कायम आहे. म्हणून बातम्यांत रुपया डॉलरपुढे घसरला असे ऐकले की समजावे, दिरहमलाही जास्त रुपये मिळणार. पण त्या आशेने चार-चार महिने पैसे तुंबवून ठेवू नयेत. घरात सावकाराचे किंवा सोसायटीचे व्याज चढत असेल तर तो सौदा तोट्याचाच.

हुंडीवाला म्हणेल, "मी जास्त दर देतो, तासाभरात तुमच्या दारात पैसे." भुलू नका. हा व्यवहार फेमा कायद्याविरुद्ध आहे. हाती पावती नसते, पैसे बुडाले तर फिर्याद नाही आणि ते कोणाच्या काळ्या धंद्यातले आहेत हे आपल्याला कळत नाही.

इकडची दोन खाती

मुलगा नोकरीसाठी देश सोडून गेला की बँकेच्या कायद्याने तो अनिवासी होतो. त्याचे गावातले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते अनिवासींचे, म्हणजे एनआरओ, खाते करून घ्यावे लागते. शिवाय त्याने एनआरई नावाचे दुसरे खाते काढावे. गावच्या पतसंस्थेला ही खाती काढता येत नाहीत. त्यासाठी परवाना असलेल्या बँकेत जावे लागते.

या दोहोंतला फरक घरातल्या बायामाणसांना लगेच कळेल. बियाण्याची कणगी वेगळी आणि खाण्याची वेगळी, तसेच हे. एनआरईत फक्त परदेशातून आलेली कमाई टाकायची. तिच्या व्याजावर इथे आयकर नाही आणि ती हवी तेव्हा परत तिकडे नेता येते. एनआरओत इथले उत्पन्न जमा होते. मुलाच्या नावच्या उसाचे बिल, दुधाचे पैसे, घराचे भाडे ही सगळी रक्कम त्यात टाकायची. एनआरओच्या व्याजावर तीस टक्के कर आणि वरचा अधिभार बँक आधीच कापते. म्हणून परदेशची बचत चुकूनही एनआरओत साठवू नये.

मग घरखर्चाचे काय? तो आई, वडील किंवा पत्नीच्या स्वतःच्या साध्या खात्यात थेट पाठवावा. आमचे सांगणे असे की सूनबाईचे खाते तिच्या एकटीच्या नावे असावे आणि दरमहाची ठरलेली रक्कम त्यात पडावी. मुलांची फी, औषधपाणी, बी-बियाणे यांसाठी तिला दर वेळी कोणापुढे हात पसरावा लागू नये.

शेतजमीन घेण्याआधी थांबा

आखातातले पैसे आले की पहिला विचार जमिनीचा येतो. शेतकऱ्याचा जीवच तो! पण इथे मोठा खड्डा आहे. अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळू शकते, जाण्यापूर्वी स्वतःच्या नावे असलेली ठेवता येते. नवे खरेदीखत मात्र त्याच्या नावे करू नका. कायदा मोडल्याचे सिद्ध झाले तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. वडिलांना त्यांच्याच जमिनीत विहीर, पाइपलाइन किंवा गोठा करण्यासाठी मुलाने पैसे देणे वेगळे, त्याला अडचण नाही. बाकी काही करायचे तर आधी वकिलाला विचारा, मगच इसार द्या.

पाय घसरण्याच्या जागा

तिकडे पगाराचे खाते उघडले की क्रेडिट कार्ड आणि कर्ज देणारे मागे लागतात. दोस्तासाठी जामीन राहा, रिकामा चेक सही करून दे, असेही कोणी म्हणतो. नको म्हणायला शिकवूनच मुलाला पाठवा. जानेवारी २०२२ पासून तिथे नुसता पैशाअभावी परतलेला चेक बहुतेक वेळा फौजदारी गुन्हा धरत नाहीत. पण त्या चेकच्या आधारे घेणेकरी सरळ वसुलीचा हुकूम मिळवू शकतो. कर्ज थकवून निघालेल्या माणसाला विमानतळावरून परतवले जाऊ शकते.

दुसरे, आपले खाते किंवा कार्ड कोणाला वापरायला देऊ नये. "माझे थोडे पैसे तुझ्या खात्यात येऊ दे, तुला दोनशे दिरहम देतो," असे सांगणारा बहुधा ठकच असतो. पोलिस येतात ते खातेदाराच्या दारी. ओटीपी तर सख्ख्या भावालाही सांगू नये.

बरेवाईट झाले तर

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे येऊ. तिकडे खातेदार वारल्याचे कळले की बँक खाते गोठवते आणि वारसांबाबत कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय ते मोकळे होत नाही. त्याचे कार्ड खोलीतल्या मित्राजवळ असले तरी त्याने पैसे काढू नयेत, तो स्वतः गुन्ह्यात सापडेल.

यावर उपाय साधा आहे. तिकडच्या खात्यात महिन्या-दोन महिन्यांच्या खर्चापुरते ठेवावे आणि बाकी बचत एनआरई खात्यात आणावी. त्या खात्याला नामनिर्देशन करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या बँकांत एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र दाखवले की बँक त्या माणसाच्या हाती रक्कम देते. अर्थात तो मालक नव्हे, बाकी वारसांचा हक्क राहतोच. पत्नीला किंवा आईवडिलांना खात्यात दुसरे नाव म्हणूनही घेता येते. मुलगा हयात असेपर्यंत ते मुखत्यारपत्रावर व्यवहार पाहतात आणि त्याच्यामागे खाते त्यांच्याकडे येते.

परत येताना

नोकरी संपताना सेवेची रक्कम मिळते. वर्षभर नोकरी झालेल्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे आणि पुढे दर वर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन, असा तिथला कायदा आहे. ही रक्कम जमा होईपर्यंत खाते बंद करू नये. जमा झाली की सगळी देणी फेडावी, पैसे घरी पाठवावे, खाते लेखी बंद करावे आणि देणे नसल्याचा दाखला घ्यावा. तिकडचा मोबाइल नंबर त्यानंतरच सोडावा, कारण बँकेचे निरोप त्यावरच येतात. गावी कायमचा परतला की इथल्या बँकेलाही कळवून एनआरई खाते साधे करून घ्यावे.

शेवटी एक काम आजच करा. घरातल्या वहीचे एक पान काढा. त्यावर मुलाच्या तिकडच्या बँकेचे नाव, आयबॅन क्रमांक, कंपनीचे नाव व फोन, पासपोर्ट आणि एमिरेट्स आयडीचे क्रमांक, इकडच्या दोन्ही खात्यांचे क्रमांक, नामनिर्देशन कोणाचे आणि कोणाचे किती देणे, एवढे लिहून घ्या. पिन मात्र लिहू नका. ते पान सातबाराच्या पिशवीत ठेवा आणि ते कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या.

मुलगा रविवारी फोन करील तेव्हा पाऊसपाणी, गुरे-वासरे, पोरांचा अभ्यास सगळे विचारून झाले की म्हणा, "बाबा रे, ते वहीचे पान भरायचे आहे. सांग एकेक." भर उन्हातली ती कमाई आहे. तिचा एक दाणाही वाटेत सांडता कामा नये.