व्हॅलेंटाइनच्या जेवणासाठी वाइन कशी निवडाल? आधी तिखट बघा

प्रेमाचा रंग लाल, म्हणून १४ फेब्रुवारीला रेड वाइनच हवी, असं अनेकांना वाटतं. पण बुलढाण्यातल्या घरी ताटात वऱ्हाडी रस्सा आणि ठेचा असेल, तर हीच निवड अंगाशी येते. रेड वाइनमध्ये द्राक्षांच्या साली आणि बियांमधून उतरलेलं टॅनिन असतं. त्याने तोंड कोरडं, तुरट होतं आणि तिखट जास्तच झोंबतं. अल्कोहोल जितकं जास्त, तितकी जिभेची आगही जास्त.

त्यापेक्षा किंचित गोडसर, थंडगार व्हाइट वाइन घ्या. नाशिकच्या द्राक्षांची शेनिन ब्लाँ अशा जेवणाशी छान जमते, तिचा गोडवा तिखटाची धार कमी करतो. मात्र शेनिन ‘ड्राय’, म्हणजे अजिबात गोड नसलेलीही मिळते, त्यामुळे दुकानातच लेबल वाचा. (राज्यात वाइनसाठी वय किमान २१ लागतं.) ती ८ ते १२ अंशांना चांगली लागते, म्हणजे दोन-तीन तास फ्रिजमध्ये हवी.

रेडच हवी? मग त्या दिवशी ठेचा राहू द्या. आणि ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे युरोपातली जुनी गार खोली, आपली फेब्रुवारीतली नव्हे. रेडची बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच.