उदासी, मेंदू आणि चुंबक

‘‘एवढं मोठं दुखणं म्हटल्यावर माणूस उदास होणारच की!’’ मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. मायेनं म्हटलेलं असतं, पण त्याच वाक्यापायी उपचार राहून जातो.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरचं मायलीनचं आवरण कुरतडते. वायरीवरचं प्लास्टिक निघावं तसं होतं आणि संदेश अडखळतात. पाय अडखळला तर चारचौघांना दिसतं. पण हीच इजा भावना सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांतही होऊ शकते, ती कुणाला दिसत नाही. एमएस असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन गाठतं. ते सगळं नुसतं ‘मनाला लावून घेणं’ नसतं.

आधी गोळ्या आणि समुपदेशन. तेवढ्यानं भागलं नाही तर टीएमएसचा, म्हणजे चुंबकीय उद्दीपनाचा, विचार होतो. तत्त्व आपल्या शाळेतलंच आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडेनं 1831 साली दाखवलं. इथं तारेच्या जागी मेंदूतल्या पेशी. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्याबाहेर कॉइल धरून मेंदू उद्दीपित केला आणि हाताचे स्नायू हलले. डिप्रेशनसाठी ही कॉइल बहुधा कपाळाच्या वर, डाव्या बाजूला धरतात. टकटक आवाज होतो, टाळूवर टिचक्या बसल्यासारखं वाटतं. भूल लागत नाही. लोक ज्या ‘शॉक’ला घाबरतात तो हा नव्हे.

अमेरिकेत 2008 मध्ये याला मान्यता मिळाली, पण ती डिप्रेशनसाठी. खास एमएसच्या रुग्णांवरचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. त्यामुळे ‘चुंबकानं बरं होतं’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. फिट येण्याचा धोका फार कमी, तरी एमएसमध्ये मुळातच फिटा थोड्या जास्त आढळतात. म्हणून मेंदूचे आणि मनाचे, दोन्ही डॉक्टर एकत्र हवेत. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर ते आधीच सांगायचं.

खरी अडचण वेगळीच आहे. नव्या पद्धतीत एक बैठक जेमतेम तीन मिनिटांची, पण आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं. आमच्या करजगीहून हे कसं जमायचं? बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये सोय आहे, पण महिनाभर तिथं राहायचं कुठं, सोबत कोण थांबणार? त्यात एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात, आणि अफजलपूर तालुक्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. एसटीच्या प्रवासातच माणूस गळून जातो. माझ्या मावशीनं याच हिशेबानं ‘राहू दे’ म्हटलं.

तोवर फोन तरी करता येतो. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. मराठीतही बोलता येतं, कन्नडातही.